सुई, मज्जातंतू आणि नागपूरचे डॉ. चोळकर

सप्टेंबर १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टर मुंबईहून बोटीने चीनला निघाले. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चिनी सैनिकांसाठी काँग्रेसने हे पथक पाठवलं होतं. त्यातले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९४२ मध्ये तिकडेच वारले आणि घराघरांत माहीत झाले. त्याच पथकात आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर होते, हे मात्र नागपुरातही फार थोड्यांना ठाऊक असतं. याची मनापासून खंत वाटते. तिसरे, कलकत्त्याचे डॉ. बिजॉयकुमार बसू, पुढे पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर, म्हणजे शरीरातल्या ठरावीक बिंदूंवर सुया टोचून उपचार करण्याची पद्धत, शिकले आणि १९५९ पासून कलकत्त्यात त्याचे उपचार देऊ लागले. भारतात ही पद्धत रुजली ती तिथून. आज नागपूरच्या धंतोलीत गुडघ्यासाठी सुया टोचून घेणाऱ्यापर्यंत ती अशी पोचली.

चीनमध्येही तिला कायम मान होता असं नाही. १८२२ मध्ये तिथल्या बादशहाने राजवैद्यकातून ती काढून टाकली होती. ‘ची’ नावाच्या प्राणशक्तीऐवजी मज्जासंस्थेच्या आधारे तिची मांडणी विसाव्या शतकातली.

खरा उलगडा सुरू झाला बीजिंगमध्ये. संशोधक हान जिशेंग यांच्या गटाने अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या बिंदूवर सुई लावून पाहिली. केसासारखी बारीक सुई आत गेली की तिथे जडपणा येतो, मुंग्या येतात. वेदना सोसण्याची क्षमता हळूहळू, अर्ध्या तासात वाढली आणि सुई काढल्यावर ओसरली. मात्र त्याच जागी आधी भूल दिली, तर काहीच फरक पडेना. म्हणजे मज्जातंतू शाबूत हवेत! मग सुई लावलेल्या सशाच्या मेंदूतला द्रव दुसऱ्या सशाला दिला, तर त्याच्याही वेदना कमी झाल्या. मेंदूत काहीतरी पाझरत होतं. ते काय असावं, याचा अंदाज १९७५ नंतर आला. त्या वर्षी शरीरात तयार होणारे अफूसारखे पदार्थ सापडले आणि १९७७ मध्ये दिसलं, की अफूचा असर उतरवणारं नॅलोक्सोन दिलं की सुईने आलेला आरामही जातो.

इथेच थांबलं तर चित्र अर्धवट राहील. जर्मनीत कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००७ मध्ये आले. खऱ्या बिंदूंवर सुया लावलेल्यांपैकी सुमारे ४८ टक्क्यांना गुण आला, भलत्याच जागी वरवर टोचलेल्यांपैकी ४४ टक्क्यांना, आणि नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी २७ टक्क्यांना. म्हणजे आराम खरा, पण नेमक्या बिंदूचा वाटा थोडा. म्हणून जुनाट दुखण्यासाठी कुणी सुया लावून घेत असेल तर मी अडवणार नाही. मधुमेहाच्या गोळ्या बंद करायला सांगणाऱ्याकडे मात्र जाऊ देणार नाही.

जागेचा प्रश्न तरीही मिटलेला नाही. २०२१ मध्ये उंदरांवर दिसलं, की मागच्या पायातल्या ठरावीक मज्जातंतूंना सौम्य विजेने चेतवलं तर मेंदूपासून पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूमार्फत शरीरातला दाह उतरतो. पोटावर तसंच केलं तर उतरत नाही, कारण ते मज्जातंतू तिथे नाहीतच.