साडेबासष्ट टक्क्यांची मर्यादा कागदावरच का राहिली

संकरित गायीत विदेशी रक्त फार तर साडेबासष्ट टक्के ठेवावं, असं सरकारी धोरण होतं; ते गोठ्यात उतरलं नाही. तसे विलायती वळू पुण्याला नवे नव्हते. ब्रिटिशांच्या लष्करी गोठ्यांत, अगदी खडकीतही, संकराचे प्रयोग फार आधी झाले होते. पण ते दूध छावणीपुरतं. गावात खिल्लार पाळली जायची ती बैलांसाठी. दूध वासराचं, उरलंच तर घरच्यांचं. पहिल्या पंचवार्षिक योजनेचा भरही देशी जातींतल्या निवडीवर होता. साठच्या दशकात धोरण वळलं: शहरांना दूध हवं होतं आणि निवडीतून ते मिळायला कित्येक पिढ्या लागल्या असत्या.

1967 मध्ये उरुळीकांचनला बाएफ संस्थेचं संकराचं जे काम उभं राहिलं, त्याचं मोल यासाठी की कृत्रिम रेतन शेतकऱ्याच्या दारात आलं. माजावर आलेली गाय कोसभर चालवत दवाखान्यात नेईपर्यंत माज निघून जायचा. द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे 196 अंशांवर गोठवलेल्या वळूच्या रेताच्या कांड्या मोटरसायकलवरून गोठ्यापर्यंत पोचू लागल्या आणि एक-दोन गायींच्या मालकालाही उत्तम वळू मिळाला. उसाच्या पट्ट्यात वाढं होतं, दूध संकलन केंद्रं होती. बाकीचं आपोआप जुळलं.

वाद झाला तो विदेशी रक्त किती ठेवावं यावर. धोरणाने सांगितलं: 50 टक्के, फार तर 62.5. कारण पक्कं होतं. पहिल्या पिढीत संकराचा जोम सर्वाधिक असतो. त्यापुढे विदेशी अंश वाढवत नेला तर दूध वाढण्याची खात्री नाही, पण ऊन सोसत नाही, गोचीडताप धरतो, गाय उलटते म्हणजे भरूनही गाभ राहत नाही, भाकडकाळ लांबतो. उलट, संकरित गायीला संकरित वळू लावला तर पहिल्या पिढीचा जोम निम्म्यावर येतो.

आता गणित बघा. 50 टक्क्यांच्या कालवडीला होल्स्टिन या विदेशी दुधाळ जातीच्या शुद्ध वळूची कांडी भरली की वासरू थेट 75 टक्क्यांचं. पुढच्या पिढीत 87.5. 50 टक्क्यांच्या त्याच कालवडीपासून 62.5 हवं असेल तर वळू 75 टक्क्यांचा लागतो, तोही पारखलेला. वळू पारखायचा म्हणजे त्याच्या मुलींचं दूध वेगवेगळ्या गोठ्यांत वेतभर मोजायचं; निकाल यायला पाच-सहा वर्षं. तेवढी नोंद ठेवणारी यंत्रणाच गावोगाव नव्हती. संकरित वळूच्या कांड्या मिळायच्या त्या थोड्या, आणि शेतकऱ्याचा त्यांवर विश्वास नव्हता. त्याला दोष देणं अन्यायाचं आहे. दुधाच्या पैशावर हप्ता फेडणारा माणूस अधिक लिटरची खात्री वाटेल तीच कांडी मागणार. मर्यादा ठरवली सरकारने, ती पाळण्याचं साधन मात्र शेतकऱ्याच्या हाती कधी दिलंच नाही. संकलन केंद्रावर या गायींच्या दुधाला 3.5 फॅट लागेना, तेव्हा तोटाही त्याच्याच माथी आला.

ब्राझीलने हेच प्रमाण घेतलं: पाच अष्टमांश होल्स्टिन आणि तीन अष्टमांश गीर, म्हणजे नेमकं 62.5. गीर तर आपल्याकडूनच गेलेली. तिथे वंशावळ आणि दूध यांची नोंद सोबत चालली, म्हणून त्यातून गिरोलांडो ही स्थिर जात तयार झाली.

2014 नंतर केंद्राचा जोर पुन्हा देशी गोवंशावर आला. 2019 च्या पशुगणनेत विदेशी व संकरित गोवंश 5 कोटींवर गेला, देशी सुमारे 6 टक्क्यांनी घटला. 2015 पासून राज्यात गोऱ्हे-बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. ट्रॅक्टरने बैलाचं काम आधीच काढून घेतलं होतं, त्यामुळे नर वासरू निव्वळ खर्च ठरलं. लिंगनिर्धारित रेतमात्रांना, ज्यांतून दहापैकी नऊ कालवडी अपेक्षित असतात, आजची मागणी आहे ती त्यामुळेच.

कानातल्या बारा अंकी बिल्ल्याने नोंद आता सुरू झाली आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये वाशीमला गायींसाठीची जनुकीय चिप, म्हणजे जनुकं तपासण्याचं साधनही जाहीर झालं. चिपने वासराची कुवत जन्मतःच ओळखता येईल, पण त्याआधी हजारो गायींचं दूध खऱ्या गोठ्यांत मोजून चिपच्या निकालाशी ताडून पाहावं लागतं. दूध मोजण्याचं ते काम दौंड-इंदापूरच्या दोन-तीन गायींच्या गोठ्यांतही व्हायला हवं, आणि त्यासाठी शेतकऱ्याला मोबदला द्यायला हवा.