वेळेच्या बोलीचे संगणकीय आकलन

बोलताना किंवा लिहिताना माणूस ज्या शब्दांनी वेळ, दिवस आणि मुदत सांगतो, ते शब्द ओळखून त्यांचे घड्याळाच्या व कॅलेंडरच्या नेमक्या आकड्यांत रूपांतर करण्याची प्रक्रिया. 'उद्या सकाळी दहाला', 'येत्या शनिवारी', 'आठ दिवसांनी' हे असे शब्दप्रयोग. नैसर्गिक भाषा प्रक्रियेची, म्हणजे माणसाची भाषा संगणकाने हाताळण्याच्या शास्त्राची, ही एक शाखा आहे. अपॉइंटमेंट घेणारे बॉट, फोनमधले स्मरणपत्र, आवाजावर चालणारे सहायक या सगळ्यांच्या पोटात ती असते. एका भाषेसाठी बांधलेली यंत्रणा दुसऱ्या भाषेच्या, बोलीच्या किंवा धंद्याच्या बोलण्याला लागू करणे म्हणजे तिचा विस्तार. मराठीपुरते पाहिले तर सगळी मेहनत या विस्तारातच आहे. पुढची उदाहरणे ठाणे आणि नवी मुंबईतल्या बोलण्यातली आहेत. लोकलचे वेळापत्रक, सेक्टरांचे क्रमांक आणि आकड्यांनी सुरू होणारी नाक्यांची नावे एकत्र आल्याने हा परिसर यंत्राची चांगलीच परीक्षा घेतो.

पूर्वपीठिका

१९६६ साली एमआयटी या अमेरिकी संस्थेतील जोसेफ वायझेनबॉम यांचा 'एलायझा' हा कार्यक्रम प्रसिद्ध झाला. तो वाक्यातले ठरावीक शब्द पकडून साचेबद्ध उत्तर देई, अर्थाशी त्याला देणेघेणे नव्हते. वेळेचे शब्द हा वेगळा अभ्यासविषय झाला तो अमेरिकेतल्या संदेश-आकलन परिषदांमुळे. मजकुरातून माहिती काढणाऱ्या यंत्रणांची तिथे स्पर्धा होई. १९९५च्या सहाव्या परिषदेत मजकुरातल्या तारखा आणि वेळा खुणेने दाखवणे हे एक काम स्पर्धेतच होते. पुढे 'टाइमएमएल' ही खुणांची पद्धत तयार झाली आणि २०१२मध्ये तिच्यावर आधारलेले आयएसओ २४६१७-१ हे मानक आले. यंत्राने शेवटी जे उत्तर लिहायचे, त्या वर्ष-महिना-दिवस अशा मांडणीचे मानक, आयएसओ ८६०१, १९८८पासून आहे.

रचना

बहुतेक यंत्रणा नियमांवर चालतात. जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठाच्या 'हायडेलटाइम'मध्ये शब्दांचे नमुने, त्यांचे अर्थ आणि नियम मूळ प्रोग्रामबाहेर, वेगळ्या फाइलींत ठेवलेले असतात. नवी भाषा आणायची तर त्या फाइली लिहायच्या, यंत्राला हात लावायचा नाही. 'डकलिंग' ही फेसबुकने २०१७मध्ये हास्केल या प्रोग्रामिंगच्या भाषेत खुली केलेली यंत्रणा. तिच्या प्रत्येक नियमाला दोन भाग असतात: काय दिसले की जागे व्हायचे आणि जागे झाल्यावर काय हाती द्यायचे. लहान नियमांची उत्तरे मोठ्या नियमांना पुरवली जातात. 'पाच' ही संख्या झाली, 'साडेपाच' हा अपूर्णांक झाला, 'साडेपाचला' ही वेळ झाली आणि 'उद्या' जोडल्यावर एक क्षण झाला. एकाच वाक्याचे अनेक अर्थ निघाले तर कोणता वर ठेवायचा हे उदाहरणांवरून शिकलेले संभाव्यतेचे गणित ठरवते.

सगळ्या गणनेचा आधार म्हणजे संदर्भक्षण, म्हणजे बोलणाऱ्याची 'आत्ता'ची वेळ. ती चुकली की पुढचे सगळे चुकते. सर्व्हरचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर असेल तर ते भारतापेक्षा साडेपाच तास मागे असते. घणसोलीच्या माणसाने पहाटे पाचला 'उद्याची आठवण कर' असे लिहिले, तर सर्व्हरवर अजून कालचीच तारीख चालू असते आणि त्याचा 'उद्या' आजवर येऊन पडतो. ही चूक दिवसभराच्या चाचणीत सापडत नाही, कारण चाचणी घेणारे साडेपाचनंतर उठतात.

मराठीचे अपूर्णांक

'सव्वा', 'साडे', 'पावणे', 'पाऊण', 'दीड', 'अडीच' हे शब्द इंग्रजीसाठी लिहिलेल्या नियमांत बसत नाहीत. 'साडे' तीनपासून पुढे लागतो. त्याआधी 'दीड' आणि 'अडीच' आहेत आणि 'साडेएक' कोणी म्हणत नाही. 'पावणे' पुढच्या संख्येतून पाव वजा करतो. नुसते 'सव्वा वाजता' म्हणजे सव्वाएक, आणि 'पाऊण वाजला' म्हणजे बारा वाजून पंचेचाळीस मिनिटे झाली, हे आजीला विचारले तर लगेच कळते, यंत्राला सांगावे लागते.

त्यातून हे शब्द नुसत्या संख्येचे नसून पुढच्या एककाचे असतात. 'साडेतीनशे' म्हणजे ३५०, कारण अर्धा भाग शंभराचा आहे. नियमांचा क्रम चुकला की यंत्र आधी 'साडेतीन' उचलते, मग 'शे'मध्ये शंभर पाहते आणि दोन्हींची बेरीज करून १०३.५ हाती देते. 'पावणेदोन लाख' म्हणजे १,७५,०००, तर 'पाऊणशे' म्हणजे ७५. यावर एकच उपाय आहे: अपूर्णांकाने आधी आपले एकक शोधावे, मगच गुणावे.

मुळात एक ते नव्व्याण्णव या संख्यांची नावे मराठीत नियमाने बनत नाहीत, ती यादीनेच द्यावी लागतात. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणनव्वद असे करत गेलेले यंत्र शेवटी 'एकोणशंभर'वर पोचते. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' अशी वाचनाची पद्धत आली आणि राज्यभर वाद झाला. त्या वादात कोणाची बाजू बरोबर होती ते असो, नियम लिहिणाऱ्याला आता दोन्ही रूपे घ्यावी लागतात.

एक जागा हमखास फसवणारी आहे. सातारा-कोल्हापूरकडच्या बोलीत पाहुण्यांना 'पावणे' म्हणतात. वाशीच्या बाजार समितीत त्या भागातले माथाडी पुष्कळ. 'पावणे चारला येणार' हे तिथून आलेले वाक्य पावणेचारचे आहे की चार वाजता येणाऱ्या पाहुण्यांचे, हे फक्त मधल्या रिकाम्या जागेवरून ठरवायचे. फोनवर टाइप करणारी माणसे तर रिकाम्या जागा मन मानेल तशा सोडतात.

'आठ नऊची' आणि 'आठ-नऊला'

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी आली, तेव्हापासून ठाणेकर रेल्वेच्या घड्याळावर जगतो असे म्हणायला हरकत नाही. रोज लोकलने जाणारा गाडीला तिच्या मिनिटानेच ओळखतो. 'आठ नऊची पकडतो' म्हणजे ८ वाजून ९ मिनिटांची गाडी. तोच माणूस बायकोला 'आठ-नऊला येतो' म्हणाला की तो रात्री आठ ते नऊच्या दरम्यान कधीतरी उगवणार असतो. शब्द तेच आहेत. फरक 'ची' आणि 'ला' यांत आहे, आणि 'पकडतो' या क्रियापदात. 'आठ चार'चेही असेच. लोकलच्या बोलीत ते ८:०४, ८:४० कधीच नाही.

मराठीत शेजारच्या दोन संख्या जोडून बोलल्या की अंदाज होतो: 'दोन-तीन', 'पाच-सहा'. 'दहा-वीस' मध्ये अंतर वाढते. 'पाच-पन्नास माणसं होती' यात पाचही नाहीत आणि पन्नासही नाहीत. अशा जोडीला टोकाच्या संख्या देऊन मोकळे होणारे यंत्र निव्वळ खोटी अचूकता दाखवते.

'ला' हा प्रत्यय तर बहुरूपी. 'चारला भेट' ही वेळ. 'वीसला तीन' हा भाव, भाजीवाल्याचा. 'सेक्टर सतराला ये' ही जागा. सिडकोने १९७०पासून वसवलेल्या नवी मुंबईत पत्ते सेक्टरांच्या क्रमांकांनी चालतात, त्यामुळे 'वाशी सेक्टर सतराला साडेपाचला ये' या वाक्यात कच्च्या यंत्राला दोन वेळा सापडतात, एक १७:०० आणि एक १७:३०. ठाण्याच्या बाजूला 'तीन हात नाका', 'तीन पेट्रोल पंप' आणि 'पाचपाखाडी' आहेतच. 'तीन हात नाक्यावर चारला' यातला तीन घड्याळात जाऊ नये म्हणून स्थळनामांची यादी संख्येच्या नियमांआधी चालवतात, आणि सर्वांत लांब जुळणीला पहिला मान देतात. विस्ताराच्या कामात शब्दकोशापेक्षा असा गावाचा नकाशा जास्त उपयोगी पडतो, पण तो सहसा सगळ्यात शेवटी आठवतो.

परवा आणि आठ दिवस

हिंदीतला 'कल' मागे-पुढे दोन्हीकडे जातो. मराठीत 'काल' आणि 'उद्या' वेगळे आहेत, म्हणून नियम लिहिणारा निर्धास्त होतो आणि 'परवा'वर अडखळतो. परवा दोन्हीकडचा आहे. 'परवा आला होता' आणि 'परवा येईल' यांतला निवाडा वाक्याच्या शेवटी क्रियापद येईपर्यंत होत नाही. 'परवाच तर बोललो आपण' यात तर दोन दिवस मोजणेच चूक, तो 'अलीकडे' आहे.

'आठ दिवस' हे त्याहून बेमालूम. डॉक्टर मंगळवारी 'आठ दिवसांनी या' म्हणाले तर रुग्ण पुढच्या मंगळवारी जातो, बुधवारी नाही. सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोन्ही दिवस धरून मोजण्याची ही पद्धत आहे. 'पंधरा दिवसांनी' म्हणजे तसेच चौदा. पण 'दहा दिवसांनी' म्हणजे दहाच, आणि औषधाच्या पाकिटावरचे 'आठ दिवस' म्हणजे मोजून आठ. हा नियम आकड्याचा नाही, आठवड्याचा आहे, म्हणून तो फक्त आठ आणि पंधरा यांच्यापुरता लिहावा लागतो.

नौपाड्यातल्या दातांच्या दवाखान्याच्या बॉटला मंगळवारी, १० जून २०२५ रोजी दुपारी असा निरोप आला असे धरू: 'परवा पावणेसहाला जमेल का, नाहीतर आठ दिवसांनी चालेल.' यंत्र आधी 'जमेल' पाहते आणि परवाला पुढे ढकलते: गुरुवार, १२ जून. 'पावणेसहा' ५:४५. सकाळ-संध्याकाळ सांगितलेली नाही, पण दवाखाना संध्याकाळी उघडा असतो, म्हणून १७:४५. 'नाहीतर' दिसताच दुसरा पर्याय सुरू होतो. आठ दिवस आजपासून मोजायचे, गुरुवारपासून नाही: १७ जून, मंगळवार. तिथे वेळ सांगितलेली नाही, म्हणून पहिल्या पर्यायाची १७:४५ तिथेही धरायची की विचारायचे? विचारलेले बरे. चांगल्या यंत्राला आपले अज्ञान कळावे लागते, ही अपेक्षा नियमावलीत कुठेच लिहिलेली नसते.

मध्यरात्रीनंतर आणखी एक पेच असतो. 'शनिवारी रात्री एकला' म्हणजे कॅलेंडरप्रमाणे रविवार. रात्री साडेबाराला जागा असलेला माणूस 'उद्या सकाळी' म्हणतो तेव्हा तो सहा-सात तासांनी उजाडणाऱ्या सकाळीबद्दल बोलत असतो, कारण त्याचा 'आज' झोपल्यावर संपतो.

अक्षरांची अडचण

बँका १ सप्टेंबर २०१५पासून महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात, त्यामुळे 'दुसऱ्या शनिवारी' हा शब्दप्रयोग रोजचा. तो युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत, दोन प्रकारे टाइप होतो: एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर, दुसऱ्यात साधा 'र' आणि मागे एक अदृश्य जोडखूण. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला ते वेगळे शब्द असतात. युनिकोडच्या नेहमीच्या सामान्यीकरणाने, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एक करण्याच्या प्रक्रियेने, ही दोन रूपे एक होत नाहीत, त्यासाठी वेगळा नियम लागतो. बरेच जण मराठी रोमन लिपीत लिहितात, आणि मग एकाच 'पावणे'ची चार-पाच स्पेलिंगे होतात. शिवाय 'मंडेला', 'नेक्स्ट वीकमध्ये' अशी खिचडी असतेच. प्रत्येक नामाला चिकटणारे 'पासून', 'पर्यंत', 'नंतर', 'च्या आत' हे प्रत्यय आधी सोडवून घ्यावे लागतात.

तिथ्यांचे प्रकरण वेगळेच. 'संकष्टीला' किंवा 'पाडव्याच्या आदल्या दिवशी' यांना कॅलेंडरची यादी पुरत नाही. तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातल्या बारा अंशांच्या अंतराचा काळ, तो चोवीस तासांपेक्षा कमी-जास्त भरतो. संकष्टी चंद्रोदयावरून ठरते, म्हणून गावही लागते. २०२३मध्ये श्रावण दोनदा आला, एक अधिक आणि एक निज, तेव्हा नुसत्या 'श्रावणातल्या सोमवारी'चे दोन अर्थ होत होते.

भाषा मॉडेलांनंतर

मोठी भाषा मॉडेले, म्हणजे अफाट मजकुरावरून भाषा शिकलेली यंत्रे, यातले पुष्कळ काही न सांगता ओळखतात. 'परवा'चा काळ क्रियापदावरून लावणे त्यांना सोपे जाते. तारखांच्या बेरजेत मात्र ती चुकतात, आणि चुकलेले उत्तर तितक्याच आत्मविश्वासाने देतात. म्हणून मॉडेलने वाक्य समजून 'परवा, पुढे, १७:४५' एवढे सुटे करावे आणि दिवसाची मोजणी साध्या प्रोग्रामने करावी, अशी कामाची वाटणी केली जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते नियम लिहिण्याची मेहनत यामुळे वाया जात नाही. मॉडेल तपासायला उदाहरणे लागतात, आणि ती याच मेहनतीतून येतात.

ज्या शब्दांत वेळ आहे पण आकडा नाही, त्यांना टाइमएमएलच्या खुणांत 'सुमारे', 'सुरुवात', 'मध्य', 'अखेर' असे शेरे जोडता येतात. 'महिनाअखेरीस', 'चारच्या सुमारास' त्यात नीट बसतात. माजिवड्याच्या सिग्नलला अडकलेल्या माणसाच्या 'पाच मिनिटांत पोचतो'लाही 'सुमारे' हाच शेरा लागतो, पण समोरचा माणूस ते ऐकून चहा मागवतो, आणि नियम लिहिणाऱ्यालाही तेवढीच सूट धरावी लागते.