आर्ल: रोमन कुठलं आणि रोमनेस्क कुठलं

दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल शहराची जागतिक वारसा यादीत १९८१ साली नोंद झाली, तेव्हा फ्रेंच शीर्षकात दोन शब्द शेजारी शेजारी बसले: 'रोमँ' आणि 'रोमाँ'. लिहिताना फरक एका अक्षराचा, बोलताना फक्त नाकातल्या सुराचा, आणि अर्थामध्ये हजार वर्षांचं अंतर. पहिला शब्द रोमन साम्राज्याच्या काळातल्या बांधकामाला लागतो. दुसरा अकराव्या-बाराव्या शतकातल्या चर्चशैलीला, म्हणजे आपण रोमनेस्क म्हणतो तिला. मराठीत उतरताना दोन्हींचं सरसकट 'रोमन' होतं आणि बाराव्या शतकातलं सँ त्रोफीम चर्च सीझरच्या पंगतीला जाऊन बसतं.

दुसरा शब्द मुळात जुना नाहीच. नॉर्मंडीतल्या एका हौशी पुरातत्त्वज्ञाने १८१८ च्या एका पत्रात तो या अर्थाने वापरला. त्याचा तर्क भाषेवरून आला होता. लॅटिन बिघडत बिघडत फ्रेंच झाली, तशीच रोमन वास्तुकला बिघडून ही बोजड, ओबडधोबड शैली झाली, असं त्याचं म्हणणं. आपल्याकडच्या 'अपभ्रंश' या शब्दात जो हेटाळणीचा वास आहे, तोच याही नावात होता. पुढे वास गेला, नाव राहिलं.

हे लक्षात घेतलं की आर्लच्या अँफिथिएटरचं, म्हणजे खेळांच्या रोमन रिंगणाचं, काय झालं ते नीट कळतं. ही इमारत इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरची: लांबी सुमारे १३६ मीटर, दोन मजले, प्रत्येक मजल्यावर ६० कमानी, वीसेक हजार प्रेक्षकांची सोय. साम्राज्य ढासळल्यावर लोकांनी तिची गढी केली. कमानी बुजवल्या, पुढे चार बुरूज चढवले आणि आत राहायला गेले. अठराव्या शतकापर्यंत रिंगणात आणि बैठकांवर मिळून दोनशेच्या वर घरं, दोन छोटी चर्चं आणि गल्लीबोळ होते. गावात गाव. वाळत घातलेल्या कपड्यांमागे रोमन कमान, असा तो संसार.

१८२५ साली नगरप्रमुखाने ही वस्ती हटवायचं ठरवलं. घरं ताब्यात घेऊन पाडली गेली आणि १८३० मध्ये, फ्रेंच फौजांनी अल्जियर्स घेतल्याच्या आनंदात, तिथे बैलांचा खेळ झाला. हा निर्णय आजही बहुतेक ठिकाणी 'मोकळं केलं' या क्रियापदाने सांगितला जातो. कुणापासून मोकळं? राहणाऱ्यांपासूनच ना! त्या काळच्या नजरेला रोमन तेवढा वारसा होता. मधली बारा-तेरा शतकं म्हणजे त्याच्यावर चढलेला मळ. ज्या सुमारास मध्ययुगीन शैलीला नाव मिळत होतं, त्याच सुमारास इथलं मध्ययुग ढिगाऱ्यात जात होतं. दुसरी बाजूही आहे, नाही असं नाही. घरं तशीच राहिली असती तर आजचं रिंगण दिसलं नसतं. पण घरं होती म्हणून भिंती तगल्या, हेही खरं. शेजारच्या रोमन नाट्यगृहाची गत वेगळी झाली. त्याचे चिरे शतकानुशतकं दुसऱ्या बांधकामांसाठी उचलले गेले. रंगमंचामागच्या भव्य भिंतीचे जेमतेम दोन खांब आज उभे आहेत. गावकरी त्यांना 'दोन विधवा' म्हणतात.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात. इसवी सनपूर्व ४९ मध्ये मार्सेयच्या वेढ्यासाठी आर्लने सीझरला तीस दिवसांत बारा जहाजं बांधून दिली. तीन वर्षांनी इथे निवृत्त सैनिकांची वसाहत आली. प्रोव्हान्स हे प्रदेशाचं नावच 'प्रोविन्किया', म्हणजे प्रांत, या शब्दावरून आलेलं. साम्राज्य मात्र इथे दोनदा आलं. अकराव्या शतकात हा मुलूख पवित्र रोमन साम्राज्यात, म्हणजे मध्ययुगातल्या जर्मन सम्राटांच्या साम्राज्यात, गेला आणि ११७८ मध्ये त्याच्या सम्राटाने सँ त्रोफीममध्येच बर्गंडीचा मुकुट घातला. प्रोव्हान्स १४८१ मध्ये फ्रान्सच्या राजाकडे गेला, तरी ऱ्होन नदीवरचे नावाडी पुढेही शतकानुशतकं एका काठाला 'राज्य' आणि दुसऱ्याला 'साम्राज्य' म्हणत राहिले.

सँ त्रोफीमचं दार पाहिलं की 'बिघडलेलं रोमन' हा आरोप टिकत नाही. त्याची रचना रोमन विजयकमानीची, आणि आतल्या उठावात ख्रिस्ती श्रद्धेतला अखेरचा न्यायनिवाडा. बाराव्या शतकातल्या पाथरवटांसमोर रोमन दगडी शवपेट्या आणि खांब रोजच्या रोज होते. त्यांनी बघून, समजून उचललं.

अलीकडची भर नदीने घातली. २००४ मध्ये ऱ्होनच्या तळाशी ३१ मीटर लांबीची रोमन मालवाहू नाव सापडली. ती २०११ मध्ये वर काढली आणि तिच्यासाठी संग्रहालयाला नवा कक्ष बांधला. २००७ मध्ये संगमरवरी अर्धपुतळा मिळाला. तो सीझरचाच का, यावर अभ्यासकांचा वाद आहे. तिकडे रिंगणात बैलांचे खेळ चालूच आहेत आणि दगडी बैठकांवर लोखंडी आसनं चढली आहेत. चारपैकी तीन बुरूज उरलेत. पर्यटक त्यातल्या एकावर चढतात आणि तिथून खालच्या रोमन रिंगणाचा फोटो काढतात.