पार्श्वभूमी : आधी क्रियापद, मग स्वल्पविराम

‘त्याने अर्ज भरला आणि बाहेर आला.’ या वाक्यात विरामचिन्ह चुकलेले नाही आणि शुद्धलेखनही बरोबर आहे. तरी वाक्य लंगडते. ‘भरला’ या क्रियापदाला ‘त्याने’ हा कर्ता चालतो, ‘आला’ला चालत नाही, त्याला ‘तो’ लागतो. सोलापुरात वाक्य-संपादनाचा सराव करणारे विद्यार्थी, कार्यालयांतले लेखनिक आणि छापखान्यांतले मुद्रितशोधक यांच्यासमोर हे वाक्य या ना त्या रूपात रोज येते. विरामचिन्हांचा धडा त्याला हात लावत नाही. समांतर रचनेचा, म्हणजे जोडलेल्या भागांची रूपे जुळवण्याचा, धडा लावतो, पण तो इंग्रजीच्या साच्यातून आलेला असल्यामुळे नेमके दुखणे त्याला सापडत नाही. हे दोन धडे वेगवेगळे कसे झाले, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

फार मागे जायचे, तर दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा आणि सीना यांच्या संगमावर, हत्तरसंग-कुडल येथे जावे लागेल. तिथला मराठी लेख शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा आहे. त्यातल्या ‘वाछि तो विजेया होईवा’ या ओळीचा अर्थ ‘जो वाचील तो विजयी होईल’ असा लावतात. त्या काळच्या लेखांत शब्द सलग कोरत, त्यामुळे ‘वाछि’ कुठे संपला आणि ‘तो’ कुठे सुरू झाला, हे वाचणाऱ्यानेच ठरवायचे. पुढे मोडीतही तेच चालले. कागदावर आधी आडवी रेघ ओढायची आणि तिला अक्षरे लटकवत जायची. शब्दांमध्ये जागा नाही, स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. तरी पत्र कळत असे. शेवट ‘बहुत काय लिहिणे’ हे वाक्य किंवा ‘लेखनसीमा’, ‘मर्यादेयं विराजते’ अशी मुद्रा सांगे, आणि आतले टप्पे ‘करून’, ‘म्हणोन’, ‘ऐसियास’ असे शब्द सांगत. आज जे काम टिंबे आणि शेपट्या करतात, ते तेव्हा क्रियापदांची रूपे करत होती. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

विरामचिन्हे मराठीत आली ती छपाईबरोबर. मराठीचे एक छापील व्याकरण १८०५ साली सेरामपूरला निघाले, ते इंग्रजीत होते. मराठी माणसाने मराठीत लिहिलेले व्याकरण १८३६ चे. विरामचिन्हांचे नियम शतकाच्या मध्यावर बसवले गेले. ते काम भाषांतराच्या सरकारी कारभारातल्या एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याकडे जाते. नावे पडली ती दमाच्या हिशेबाने : स्वल्पविराम, अर्धविराम, अपूर्णविराम, पूर्णविराम. थांबा किती वेळ, एवढेच ही नावे सांगतात. वाक्याचा सांधा कुठे आहे, हे सांगत नाहीत.

याचा परिणाम अजून दिसतो. ‘अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतील यंत्रमाग कारखान्यांत काम करणाऱ्या कामगारांनी, आपली नावे नोंदवावीत.’ वाचताना ‘कामगारांनी’पाशी दम लागतो, म्हणून तिथे स्वल्पविराम पडतो. पण कर्ता आणि त्याचे क्रियापद यांच्यामध्ये एकटा स्वल्पविराम बसत नाही. दम लागत असेल तर कर्ता लांबला आहे, आणि उपाय तो तोडण्याचा आहे : ‘अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रमाग कारखाने आहेत. तेथील कामगारांनी आपली नावे नोंदवावीत.’

अपूर्णविरामाची अडचण वेगळी. देवनागरीत विसर्गही दोन टिंबांचाच, त्यामुळे शब्दाला चिकटलेला अपूर्णविराम विसर्ग वाटतो. जुन्या छपाईत आणि सरकारी पत्रांत ‘विषय :–’ असे टिंबांपुढे रेघ ओढलेले रूप रुळले, त्याने हा घोटाळा टळतो. संगणकावर आता चूक उलट्या बाजूने होते. ‘दुःख’, ‘अंतःकरण’ या शब्दांत विसर्गाच्या जागी अपूर्णविराम टाइप होतो. डोळ्याला फरक दिसत नाही, पण शोध घेतला की शब्द सापडत नाही.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर साहित्यसंस्थांच्या शिखर संघटनेने १९६२ साली शुद्धलेखनाचे १४ नियम केले. १९७२ मध्ये त्यांत ४ वाढले आणि शासनाने ते मान्य केले. हे १८ नियम मुख्यतः अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ आणि सामान्यरूपे (प्रत्यय लागताना शब्दाचे बदलणारे रूप) यांचे आहेत. व्युत्पत्तीवरून दिले जाणारे अनुस्वार गेले, हा त्यांतला मोठा बदल. त्यावर वाद झाले आणि दोन पिढ्यांचे लेखन बदलले. पण वाक्याच्या बांधणीला त्यांनी हात लावला नाही. तेव्हापासून ‘शुद्ध लिहिणे’ म्हणजे वेलांटी बरोबर देणे, अशी समजूत पक्की झाली. वाक्याकडे बघण्याची सवय त्यामुळे मागे पडली, हे नुकसान लहान नाही.

समांतर रचना हा शब्द तर मराठी व्याकरणाच्या पुस्तकात सहसा सापडतही नाही. तिथे संयुक्त वाक्य आहे, ‘आणि’, ‘किंवा’, ‘पण’ ही प्रधानत्वसूचक उभयान्वयी अव्यये आहेत, पण जोडलेल्या दोन भागांची रूपे जुळली पाहिजेत, असा वेगळा धडा नाही. तो आला इंग्रजी रचनेच्या तासाला. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले, आणि यादीतल्या तीन क्रिया एकाच रूपात लिहा हा सराव ओळखीचा झाला. मराठीत तो साचा जिथे बसतो, तिथे चांगला बसतो. उदाहरणार्थ सूचनाफलक : ‘तेंदूची पाने भिजवणे, पाने कापावीत, बिडी वळा आणि बंडल बांधले जाते.’ चार क्रिया, चार तऱ्हा. ‘भिजवणे, कापणे, वळणे, बांधणे’ केले तर ती कामाची यादी होते. ‘भिजवावीत, कापावीत, वळावी, बांधावे’ केले तर नियम होतो. ‘भिजवा, कापा, वळा, बांधा’ ही समोरच्या माणसाला दिलेली सूचना होते. तिन्ही चालतात, मिसळ चालत नाही. निवड वाचणारा कोण यावर करायची. भिंतीवर लावायच्या फलकाला तिसरे रूप सगळ्यात सोपे पडते.

पण ‘त्याने अर्ज भरला आणि बाहेर आला’ या साच्यात अडकत नाही. ‘भरला’ आणि ‘आला’ दोन्ही भूतकाळी, दोन्ही पुल्लिंगी एकवचनी, कानाला जुळणारी. इंग्रजी पद्धतीने तपासणारा ते बरोबर ठरवून पुढे जातो. मोड आहे ती प्रयोगात, म्हणजे क्रियापद कोणाप्रमाणे बदलते त्यात. ‘भरला’ कर्मणी आहे, अर्जाप्रमाणे बदलते : ‘त्याने पावती भरली’, ‘त्याने फॉर्म भरले’. ‘आला’ कर्तरी आहे, येणाऱ्याप्रमाणे बदलते. दोन क्रियापदांचे दोन धनी, आणि वाक्यात धनी एकच लिहिलेला.

ही चूक इतकी पसरण्याचे एक कारण प्रथमपुरुषात आहे. ‘मी अर्ज भरला आणि बाहेर आलो’ हे वाक्य निर्दोष आहे, कारण ‘मी’चे रूप दोन्ही प्रयोगांत तेच राहते. ‘तू’, ‘आम्ही’, ‘तुम्ही’ यांचेही तसेच. सांधा तिथेही असतो, दिसत मात्र नाही. तोच साचा ‘तो’, ‘ती’, ‘ते’ यांना लावला की ‘ने’ आणि ‘नी’ उघडे पडतात. दुसरे कारण काही क्रियापदांचे. बोलणे, म्हणणे, विसरणे, शिकणे, पिणे ही भूतकाळातही कर्तरीच राहतात : ‘ती धडा शिकली आणि घरी गेली’ बरोबर, ‘तिने धडा वाचला आणि घरी गेली’ चूक. कर्म दिसले म्हणून ‘ने’ लावायचा, हा ठोकताळा इथे फसतो.

तिसरे कारण खास सोलापूरचे. शहरात मराठीशेजारी तेलुगू, कन्नड आणि उर्दू नांदतात. पूर्व भागातल्या विणकर घरांत तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड. तेलुगूत आणि कन्नडमध्ये भूतकाळातल्या कर्त्याला ‘ने’ नाही, आणि इथल्या बोलीत ‘मी काम केलो’, ‘तो अर्ज भरला’ सहज ऐकू येते. बोलीतले ‘तो अर्ज भरला आणि भाईर आला’ नीट समांतर आहे : एक कर्ता, दोन्ही क्रियापदे त्याचीच. शाळेत त्यावर लाल शाई पडते आणि पहिल्या क्रियापदापाशी ‘त्याने’ होते. दुरुस्ती तिथेच थांबते, आणि वाक्य पहिल्यापेक्षा जास्त मोडते. मूल चुकले म्हणण्यापेक्षा दुरुस्ती अर्धी सुटली, असे म्हणणे न्याय्य ठरेल. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे. अशा वेळी बहुभाषिक घरातल्या मुलाला वाक्य पूर्ण दुरुस्त करून दाखवणे हे शिकवणाऱ्याचे काम आहे.

आता वादाचा भाग. काही जाणकारांच्या मते ‘तो’ इथे अध्याहृत, म्हणजे न लिहिता गृहीत धरलेला, आहे, बोलण्यात आणि कथेत ही रचना सर्रास येते, वाचणाऱ्याला अर्थ कळतो, मग हट्ट कशाला? संवादापुरते हे मान्य करायला हरकत नाही. पण नोटीस, जबाब, सभेचे इतिवृत्त आणि परीक्षेची उत्तरपत्रिका इथे ते मान्य करता येत नाही. ‘कामगाराने व्यवस्थापकाला पत्र दिले आणि निघून गेला.’ निघून कोण गेला? बहुतेक कामगारच, पण इतिवृत्तात ‘बहुतेक’ला जागा नसते.

दुरुस्तीच्या वाटा दोन. पहिली, कर्ता पुन्हा लिहिणे : ‘त्याने अर्ज भरला आणि तो बाहेर आला.’ वर दोन पुरुष आले असतील तर ‘तो’ही संदिग्ध होतो, तेव्हा नामच पुन्हा लिहावे. दुसरी, ‘ऊन’ : ‘अर्ज भरून तो बाहेर आला.’ मोडीतल्या ‘करून’, ‘म्हणोन’ची हीच वाट, आणि मराठीच्या अंगची. कर्त्याचे रूप शेवटचे क्रियापद ठरवते : ‘तो अर्ज भरून आला’, पण ‘त्याने येऊन अर्ज भरला’. एका ‘ऊन’नंतर स्वल्पविराम नको. दोन ‘ऊन’ असतील तर पहिल्यानंतर द्यावा. तिसरे आले की वाक्य तोडावे, कारण ‘भरून, जोडून, देऊन, घेऊन’ या मालगाडीत महत्त्वाची क्रिया कोणती, ते हरवते. कर्ते वेगळे असतील तर ‘ऊन’ टाळावे : ‘अर्ज तपासून तो घरी गेला’ हे लिपिकाने तपासला आणि अर्जदार घरी गेला या अर्थाने वापरता येत नाही. ‘पाऊस पडून पीक आले’ अशी कारण-परिणामाची जोडी मात्र चालते.

यादीतल्या विभक्तीचा प्रश्न याच कुळातला. ‘धागा, रंग आणि मजुरीचा खर्च’ यात ‘चा’ फक्त मजुरीला लागला. ‘धागा’चे सामान्यरूपही झाले नाही. ‘धागा, रंग आणि मजुरी यांचा खर्च’ म्हटले की तिन्ही एकत्र येतात आणि एकच रक्कम अपेक्षित होते. ‘धाग्याचा, रंगाचा आणि मजुरीचा खर्च’ म्हटले की तीन वेगळ्या रकमा मागितल्यासारखे होते. चादरीच्या दरपत्रकात हा फरक पैशांत मोजावा लागतो.

अलीकडच्या काळात अडचणी वाढवल्या त्या टंकलेखनाने. जुन्या फॉन्टांतला मजकूर युनिकोडमध्ये आणताना अवतरणचिन्हे आणि रेघा बदलतात, म्हणून रूपांतरानंतर मजकूर विरामचिन्हांसाठी एकदा वेगळा वाचावा लागतो. इनस्क्रिप्ट कळफलकावर पूर्णविरामाच्या कळीबरोबर शिफ्ट दाबली गेली तर दंड (।) उमटतो आणि स्वल्पविरामाच्या कळीबरोबर ‘ष’. वाक्याशेवटी दंड दिसला तर तो हिंदीच्या प्रभावाचाच असेल असे नाही, बोट शिफ्टवर राहिलेलेही असू शकते. 

सराव करताना क्रम पाळणे महत्त्वाचे. एका बैठकीला पाच वाक्ये पुरेत, प्रत्येक वीस-पंचवीस शब्दांचे. आधी सगळी विरामचिन्हे खोडावीत, फक्त शेवटचा पूर्णविराम ठेवावा. मग प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारून त्याचा कर्ता बाणाने जोडावा. ज्या क्रियापदाचा बाण ‘ने’ किंवा ‘ला’वाल्या शब्दावर जातो, तिथे तो शब्द आणि क्रियापद एवढेच मोठ्याने वाचावे : ‘त्याने आला’. मोड कानाला लगेच कळते. त्यानंतर जोडशब्दांभोवती गोल करावा आणि जोडलेले भाग एकाखाली एक लिहावेत. रूपे जुळली नाहीत तर उभ्या यादीत ती दिसतात. ‘केवळ’, ‘एकतर’, ‘जितका’ यांचे जोडीदार याच टप्प्यावर शोधावेत. ‘केवळ’ ज्या शब्दाला लागतो त्याच जातीचा शब्द ‘तर’च्या पुढे हवा : ‘केवळ चादरी विणल्या नाहीत, तर बाजारही’ यात पुढे क्रियापद उरले नाही, ‘चादरी केवळ विणल्या नाहीत, तर विकल्याही’ हे बसते.

विरामचिन्हे सगळ्यात शेवटी परत ठेवावीत. आधी ठेवली तर स्वल्पविराम मोडलेल्या सांध्यावर पट्टीसारखा बसतो आणि डोळा तिथे थांबून पुढे जातो. सांधे जुळवल्यावर त्यांची संख्या बहुधा कमीच होते : यादीतल्या शेवटच्या ‘आणि’च्या आधी नको, ‘की’च्या नंतर नको, ‘तर’ने सुरू होणाऱ्या उत्तर भागाच्या आधी मात्र हवा.