ड्राइव्ह आउट

‘ड्राइव्ह आउट’ हे विस्थापनाचा अर्थ सांगणारे इंग्रजी फ्रेजल व्हर्ब (क्रियापदाला अव्यय जोडून बनलेले जोडक्रियापद) असून, एखाद्याला बळाने किंवा परिस्थितीच्या रेट्याने त्याच्या जागेवरून बाहेर पडायला लावणे हा त्याचा मुख्य अर्थ आहे. ‘ड्राइव्ह’चा जुना अर्थ गुरे हाकणे असा होता. मराठवाड्यात वावरात शिरलेली ढोरे हाकलतात, त्या ‘हाकलणे’चे ‘हाकणे’शी जे नाते आहे, तेच इंग्रजीत ‘आउट’ जोडल्याने साधते; म्हणून हाकलून देणे व हुसकावून लावणे हे त्याचे सर्वांत जवळचे प्रतिशब्द होत.

‘ड्रोव्ह आउट’ हे भूतकाळी रूप आणि ‘ड्रिव्हन आउट’ हे कर्मणी रूप. कर्म नाम असल्यास ते ‘आउट’च्या आधी किंवा नंतर चालते, सर्वनाम मात्र मध्येच येते, जसे ‘ड्राइव्ह देम आउट’. कोठून हे सांगताना पुढे ‘ऑफ’ (of) लागतो. गाडीने बाहेरगावी जाणे हा अकर्मक अर्थ वेगळा.

भाषांतरात खरी अडचण येते ती कर्त्याची. इंग्रजीत दुष्काळही सहज कर्ता होतो, पण ‘दुष्काळाने त्यांना हाकलले’ हे मराठी कानाला खटकते. बीडकडचा ऊसतोड कामगार ‘पोटासाठी गाव सोडलं’ असेच म्हणेल. याहून नाजूक प्रश्न धरणग्रस्तांचा आहे. पैठणजवळ गोदावरीवरील जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये झाली आणि १९७६ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. त्याच्या जलाशयाखालील वस्तीबद्दल बोलताना ‘गाव उठलं’, ‘गाव धरणात गेलं’ असे म्हटले जाते. ही दोन्ही वाक्ये अकर्मक आहेत, त्यांत उठवणारा कोणी दिसतच नाही. ‘ड्रिव्हन आउट’मध्ये कर्ता उच्चारला नाही तरी तो गृहीत असतो, त्यामुळे तेथे ‘गाव उठलं’ लिहिल्यास अर्थाचा मोठा भाग गळतो. ‘गाव उठवलं’ म्हटल्यावरच तो परत येतो.

रझाकारांच्या छळामुळे १९४७-४८ मध्ये हैदराबाद संस्थानाची सरहद्द ओलांडलेल्या कुटुंबांसाठी ‘ड्रिव्हन आउट’ हे रूप अचूक ठरते. १९९३ च्या भूकंपानंतर नव्या जागी वसवलेल्या किल्लारीसाठी मात्र ते वापरू नये, कारण तेथे हुसकावणे नव्हते, पुनर्वसन होते. महसुली दप्तरातील ‘बेचिराख गाव’ हाही याचा प्रतिशब्द नव्हे: तो शब्द ओस पडलेल्या गावाची स्थिती सांगतो, ते कोणी ओस पाडले हे सांगत नाही.