जुन्या पिकअपचं बॉनेट कापायला सुरुवात कुठून झाली

जुन्या अमेरिकन पिकअपचं बॉनेट कापायचं, ठोकायचं, वेल्ड करून नवं बनवायचं म्हणजे निव्वळ शोबाजी असं बऱ्याच जणांना वाटतं, पण माझं ठाम मत आहे की त्यातला जवळपास प्रत्येक कट आधी कुठल्यातरी गरजेपोटी मारला गेला आणि दिसण्याचं कौतुक नंतर आलं.

फोर्डने १९२५ मध्ये मॉडेल टी वर कारखान्यातच पिकअपचा हौदा बसवून २८१ डॉलरला गाडी विकायला काढली, आणि त्या काळातलं बॉनेट म्हणजे मधे बिजागरी आणि दोन्ही बाजूंनी उचलायचे पत्रे, बस. मग १९३२ ला फोर्डचं फ्लॅटहेड व्ही-एट (व्ही आकारात मांडलेल्या आठ सिलिंडरचं) इंजिन आलं, २२१ घन इंच, ६५ हॉर्सपॉवर, स्वस्तात मिळणारा दम. फक्त एक गोम होती, या इंजिनात जळालेला गॅस सिलिंडरच्या बाजूने ब्लॉकमधूनच बाहेर पडायचा, त्यामुळे कूलिंगचं पाणी भयंकर तापायचं. कॅलिफोर्नियातली पोरं म्युरॉक आणि एल मिराजच्या कोरड्या तलावांवर या गाड्या पळवायची, १९३७ मध्ये तर त्यांच्या क्लबांनी मिळून एससीटीए (सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन) नावाची संघटनाच काढली, आणि तिथे एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली की बॉनेटखाली कोंडलेली गरम हवा बाहेर काढायला वाट पाहिजे. काहींनी बाजूचे पत्रे काढूनच टाकले, काहींनी बॉनेटच्या वरच्या पत्र्यात लूव्हर पाडले.

लूव्हर म्हणजे नुसती भोकं नाहीत बरं का. प्रेसमध्ये डाय लावून पत्रा एका कडेला चिरायचा आणि त्याच दाबात बाकीचा भाग वर उचलायचा, तोंड मागच्या बाजूला, म्हणजे पुढून वाहणारी हवा आतली हवा ओढून घेते. प्रत्येक लूव्हरला पत्रा थोडा ताणला जातो त्यामुळे रांगा कुठल्या क्रमाने पाडल्या ते नीट सांभाळलं नाही तर अख्खं बॉनेट पिळवटतं, आणि आतल्या बाजूच्या आडव्या पट्ट्या आधी सोडवाव्या लागतात नाहीतर प्रेसची डाय तिथवर पोचतच नाही. आणखी एक, ड्रायव्हरसमोरच्या काचेच्या अगदी पायथ्याशी हवेचा दाब जास्त असतो, तिथे पाडलेले लूव्हर हवा बाहेर सोडण्याऐवजी आत घेतात, तेव्हा जागा बघून पाडायचे.

आता या सगळ्याचा खरा गाभा. ही कला आली कुठून, तर माझ्या मते बऱ्याच अंशी विमानांच्या कारखान्यांतून. दुसऱ्या महायुद्धात दक्षिण कॅलिफोर्नियात लॉकहीड, डग्लस, नॉर्थरॉप अशा कंपन्यांत हजारो माणसं पत्र्याचं काम करत होती, पत्र्याला गोलाई देणारं इंग्लिश व्हील फिरवत होती, पत्रे तात्पुरते जोडायला क्लेको नावाच्या स्प्रिंगच्या पिना लावत होती. नॉर्थरॉपच्या रसेल मेरेडिथने तिथेच मॅग्नेशियम जोडायला टंगस्टनची कांडी आणि हेलियम वापरून वेल्डिंग बसवलं, आपल्याकडे वर्कशॉपमध्ये ज्याला आर्गन वेल्डिंग म्हणतात त्याची सुरुवात ही. विमानाच्या इंजिनावरचं झाकण पाव फिरकीत उघडणारे ड्झस फास्टनर हॉट रॉडच्या, म्हणजे वेगासाठी बदललेल्या जुन्या गाड्यांच्या, बॉनेटवर आले ते याच वाटेने. युद्ध संपल्यावर भंगारात निघालेली विमानाची पेट्रोल टाकी घेऊन १९४६ मध्ये बिल बर्कने रेसची गाडी केली, म्हणजे माल आणि हुनर दोन्ही एकदम मोकळं झालं होतं.

आणि नेमकं त्याच वेळी ते ट्रक आले ज्यांना आज आपण क्लासिक म्हणतो. शेव्हर्लेची अॅडव्हान्स डिझाइन मालिका १९४७ च्या उन्हाळ्यात, फोर्डची एफ-१ १९४८ ला, एफ-१०० १९५३ ला. (शेव्हर्लेचे ट्रक आपल्यालाही परके नव्हते, जनरल मोटर्सचा मुंबईत शिवडीला कारखाना होता, १९२८ ते १९५४.) शेव्हीच्या बॉनेटला मधोमध जोड होता, एफ-१०० चं बॉनेट रुंद आणि फुगीर. शेतावर वापरून झालेले हे ट्रक काही वर्षांत स्वस्तात मिळायला लागले आणि कस्टमवाल्यांनी, म्हणजे गाड्यांचं रूप बदलणाऱ्या कारागिरांनी, कारवर शिकलेलं सगळं यांच्यावर उतरवलं. कंपनीची चिन्हं काढून भोकं बुजवायची, मधला जोड वेल्ड करून सपाट करायचा, कोपरे गोल करायचे. त्याहून धाडसाचं काम म्हणजे पॅनकेक, यात बॉनेटच्या कडा आजूबाजूच्या पत्र्याला वेल्ड करून टाकायच्या आणि मधे लहान झाकण कापायचं, की सगळं नाक एकसंध आणि बसकं दिसतं. कॅलिफोर्नियातला नावाजलेला कस्टमवाला जॉर्ज बॅरिसच्या दुकानात १९२९ च्या मॉडेल ए पिकअपवरून बनलेली आला कार्ट १९५८ आणि १९५९, दोन्ही वर्षं ओकलंडच्या शोमध्ये अमेरिकेतली सर्वात सुंदर रोडस्टर (उघड्या टपाची गाडी) ठरली. माल वाहायच्या गाडीला हा मान, तोही लागोपाठ दोनदा!

सुरुवातीच्या काळात खड्डे-जोड बुजवायला पुट्टी नव्हती, शिसं होतं. साधारण ७० टक्के शिसं आणि ३० टक्के कथील, १८३ अंश सेल्सियसला मऊ पडायला लागतं आणि २५० च्या आसपास पूर्ण वितळतं, या मधल्या पट्ट्यात ते लोण्यासारखं लाकडी फळीने पसरवता येतं. आधी पत्र्यावर कथिलाचा पातळ थर द्यायचा, पितळेच्या भांड्याला कल्हई करतात अगदी तसा, नाहीतर शिसं चिकटतच नाही. मग कानस. पन्नाशीच्या दशकात प्लॅस्टिकची पुट्टी आली आणि काम स्वस्त झालं पण हात बिघडले असं मला वाटतं, कारण जाड थराखाली कसंही ठोकलेलं खपून जायला लागलं. चांगला कारागीर अजूनही पत्राच पत्र्यासारखा आणतो, वेल्डचा एकेक टाका लांब लांब मारायचा, थंड होऊ द्यायचा, वेल्ड आकसतो म्हणून खाली डॉली (लोखंडी ठोकळा) धरून हातोडीने परत ताणायचा. जुन्या ट्रकचा पत्रा साधारण १८ गेजचा म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपास, आजच्या कारपेक्षा बराच जाड, म्हणून तो हे सगळं सहन करतो.

पुढचं पटकन सांगतो. १९५५ मध्ये शेव्हीचं २६५ घन इंची व्ही-एट आलं, लोकांनी ते जुन्या सहा सिलिंडरच्या ट्रकांत कोंबलं, वर तीन कार्बुरेटर, किंवा जीएमसीच्या डिझेल इंजिनावरचा ६-७१ ब्लोअर, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंप (सहा सिलिंडर, प्रत्येकी ७१ घन इंच, म्हणून हे नाव), आणि बॉनेट बंद होईना. मग भोक पाडा किंवा उंचवटा करा, तिथून स्कूपची, म्हणजे बॉनेटवरच्या हवेच्या तोंडाची, परंपरा. १९६९ च्या कमॅरो कारमध्ये शेव्हर्लेने काऊल इंडक्शनचं बॉनेट दिलं, काचेच्या पायथ्याची ती जास्त दाबाची हवा ओढून इंजिनला देणारं, आणि तो मागे उघडणारा उंचवटा पुढे १९६७ ते ७२ च्या शेव्हर्ले सी-१० पिकअपवाल्यांनी उचलला. पण एअर क्लीनर आणि बॉनेट यांच्यात रबरी सील नसेल तर तो उंचवटा इंजिनला काही देत नाही, आणि बरेच जण तो सील लावत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं, एवढा पत्रा घडवून नेमकं शेवटचं काम सोडायचं!

असं जुनं कस्टम बॉनेट हाताशी आलं तर आधी खालच्या बाजूने बघा, वेल्डच्या रेघा, हातोडीचे ठसे, कापलेल्या पट्ट्या, सगळं तिथे दिसतं. आणि वर रंगाखाली राखाडी मऊ धातू लागला तर ते शिसं आहे, त्याला ग्राइंडर अजिबात लावू नका, ती धूळ विषारी असते. मास्क घालून, उघड्या हवेत, मंद आचेवर मऊ करून पुसून काढतात, आणि हल्ली त्या जागी बिनशिशाचं, मुख्यतः कथिलाचं सोल्डर भरतात.