खैऱ्याचा जिवाणू पानात शिरल्यावर काय बदलतं?

मृगाचा पाऊस झाला की अकोला-बाळापूर पट्ट्यातल्या लिंबाच्या बगीच्यांत नवती फुटते आणि तिच्या मागोमाग खैऱ्या (कँकर) हा रोग येतो. कोवळ्या पानावर आधी पाणी मुरल्यासारखा बारीक ठिपका दिसतो. मग तो फुगतो, तडकतो, बुचासारखा खरखरीत होतो आणि भोवती पिवळं वलय धरतो. पानाच्या दोन्ही बाजूंनी बोट फिरवून पाहा, उंचवटा दोन्हीकडे लागतो. फळावर असा डाग पडला की भाव गेलाच. नागपुरी संत्र्याला हा रोग त्यामानाने कमी, कागदी लिंबाला मात्र हमखास.

रोग करणारा जिवाणू म्हणजे झँथोमोनास सिट्री. पावसाच्या शिंतोड्यांबरोबर तो पानावर येतो आणि पर्णरंध्रांतून किंवा नागअळीने पोखरलेल्या वाटेने आत घुसतो. आत पेशींच्या मधल्या जागेत राहून तो पोकळ सुईच्या आकाराची यंत्रणा उभारतो आणि तिच्यातून आपली प्रथिनं थेट झाडाच्या पेशींत सोडतो. त्यातलं पीटीएचए४ हे प्रथिन पेशीच्या केंद्रकात जाऊन झाडाचंच सीएसलॉब१ हे जनुक चालू करतं. पेशी फुगतात, वाढतात. बोटाला लागतो तो उंचवटा हाच, म्हणजे फोड झाडानेच वाढवलेला, फक्त हुकूम जिवाणूचा.

ही सुई उभारायला जिवाणूला बरीच प्रथिनं आणि ऊर्जा खर्चावी लागते, आणि झाडाबाहेर तिचा काडीचाही उपयोग नाही. मग ती नेमकी आत गेल्यावरच कशी तयार होते?

फ्लोरिडातल्या लिंबूवर्गीय बागांनाही हा रोग छळतो. तिथल्या फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये याचा एक महत्त्वाचा धागा उलगडला. सुईच्या जनुकांचा मुख्य कारभारी एचआरपीजी नावाचं प्रथिन आहे. प्रयोगशाळेतल्या पोषक द्रवात जिवाणू खाऊनपिऊन वाढत असतो तेव्हा लॉन प्रोटिएज हे प्रथिनं तोडणारं विकर या कारभाऱ्याला टिकूच देत नाही. लॉनची रचना पाहिली की मला कडबाकुट्टी आठवते. सहा सारखे भाग गोलाकार जोडलेले, मधे पोकळी. एटीपी या पेशीतल्या इंधनाची ऊर्जा वापरून प्रथिनाची साखळी उकलायची, आत ओढायची आणि तुकडे करायचे. एचआरपीजीला ते त्याच्या सुरुवातीच्या टोकावरून ओळखतं.

जिवाणू झाडात पोचला की लॉनच्या ६५४ व्या जागेवरच्या सेरीन या अमिनो आम्लाला फॉस्फेटचा एक गट चिकटतो. बदल इतकाच, पण त्याने लॉनची कापणी थंडावते. एचआरपीजी साचू लागतं आणि सुईची जनुकं जागी होतात. मला यातली हुशारी आवडते. कारभारी तर आधीपासून तयार होतच असतो, त्याला मारणं तेवढं थांबवायचं.

ही युक्ती एकट्या खैऱ्याची नाही. टोमॅटोच्या पानांवर काळे ठिपके पाडणाऱ्या स्यूडोमोनास सिरिंजी या जिवाणूतही लॉन सुईवर लगाम ठेवतं, हे २००२ मध्येच दिसलं होतं. तिथे ते एचआरपीआर नावाचं वेगळं प्रथिन तोडतं.

"दवा मारली तरी ठिपके काही जात नाहीत ना भाऊ," ही तक्रार बगीच्यात नेहमी ऐकू येते. कॉपर ऑक्सिक्लोराइड ही फवारायची तांब्याची दवा पानाच्या पृष्ठभागावर राहते. ठिपका डोळ्यांना दिसतो तोवर जिवाणू आत जाऊन, सुई उभारून मोकळा झालेला असतो, तिथे तांब्याचा हात पोचत नाही. म्हणून फवारणी ठिपक्यांची वाट न पाहता नवती कोवळी असतानाच हवी आणि नागअळीचा बंदोबस्तही त्याच सुमारास. गेल्या हंगामातल्या खैऱ्या लागलेल्या फांद्या मात्र पावसाच्या आधी, कोरड्या हवेत छाटून जाळाव्यात. ओल्यात छाटणी केली तर ताज्या जखमांतून जिवाणूला आयतीच वाट मिळते.